जिनग्वाशीला जायचं असेल तर जिउफेनला उतरू नका

तैवानला आलेले आपल्याकडचे जवळपास सगळेच जिउफेनला जातात, लाल कंदिलांच्या गल्लीत फोटो काढतात आणि संध्याकाळच्या बसने तैपेईला परत येतात. मी इथे राहते म्हणून ओळखीतलं कोणी ना कोणी सारखं विचारत असतं की ताई दोन दिवस आहेत, डोंगर पण पाहिजे, समुद्र पण पाहिजे, गर्दी मात्र नको, तर कुठे जाऊ? माझं उत्तर ठरलेलं आहे. त्याच बसमध्ये बसून राहा, जिउफेनला सगळी बस रिकामी होईल तेव्हा उठू नका, अजून पाच-दहा मिनिटांवर जिनग्वाशी आहे तिथे उतरा. आणि एक रात्र राहा. हे राहायचं मी फार आग्रहाने सांगते कारण संध्याकाळी पाच-सहानंतर तिथलं गोल्ड म्युझियम बंद होतं, फिरायला आलेले लोक निघून जातात आणि त्यानंतर जे गाव उरतं ते बघायलाच तर इतक्या लांब यायचं.

आधी हे गाव काय आहे ते सांगते, नाहीतर नुसत्या पायऱ्या चढून याल आणि म्हणाल यात काय बघायचं होतं. तैवानचा ईशान्येचा कोपरा, डोंगर सरळ समुद्रात उतरलेले, आणि त्या उतारावर ही घरं. चिनी नावातल्या 'जिनग्वा'चा अर्थ सोन्याचा भोपळा, इथल्या भाषेत लाल भोपळ्यालाच तसं म्हणतात, आणि 'शी' म्हणजे दगड. डोंगराच्या माथ्यावरचा सोनं असलेला खडक भोपळ्यासारखा दिसायचा म्हणून गावाला हे नाव पडलं. तो भोपळा आता नाहीये, खणून खणून संपला. १८९० च्या आसपास खाली किलुंग नदीवर रेल्वेचा पूल बांधताना कामगारांना वाळूत सोनं सापडलं, मग लोक शोधत शोधत वर आले. १८९५ मध्ये तैवान जपानकडे गेलं आणि जपान्यांनी किलुंग डोंगरातून एक रेघ ओढून पश्चिमेकडचं जिउफेन एका कंपनीला दिलं आणि पूर्वेकडचं जिनग्वाशी दुसरीला. पुढे इथे सोन्याबरोबर तांबं पण निघायला लागलं. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी कंपनीने खाणी चालवल्या आणि १९८७ मध्ये ती कंपनी पण बंद झाली. पोरं कामासाठी शहरात गेली, म्हातारी माणसं राहिली, म्हणून आज इथे ही शांतता आहे. ती शांतता कुठून आली हे डोक्यात ठेवून फिराल तर गाव जास्त कळेल.

आता जायचं कसं. भारतातून येत असाल तर व्हिसाचं आधी बघा. भारतीय पासपोर्टवर अमेरिका, जपान वगैरे ठराविक देशांचा व्हिसा असेल किंवा होता, तर ऑनलाइन फुकट परवानगी मिळू शकते, त्याच्या अटी नीट वाचून फॉर्म भरा. नाहीतर रीतसर व्हिसा काढायचा. तैवानचं ऑफिस आपल्याकडे पूर्वी फक्त दिल्ली आणि चेन्नईला होतं, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत पण सुरू झालंय.

तैपेईत उतरल्यावर पहिलं काम, ईझीकार्ड घ्या. कुठल्याही सेव्हन-इलेव्हनमध्ये मिळतं, मेट्रो, लोकल, बस सगळीकडे चालतं, बसमध्ये चढताना आणि उतरताना दोन्हीवेळा टेकवायचं. मग तैपेई मेन स्टेशनवरून रुईफांगपर्यंत ट्रेन, फास्ट असेल तर चाळीस मिनिटं, लोकल असेल तर तासाभराच्या आत-बाहेर. रुईफांग स्टेशनवरून ७८८ नंबरची बस जिउफेनमार्गे वर जिनग्वाशीला जाते. एकच बस पाहिजे असेल तर तैपेईत चुंगशाओ फूशिंग मेट्रो स्टेशनजवळून १०६२ मिळते, ती पण जिनग्वाशीपर्यंत येते, पण घाटात ज्यांना बस लागते त्यांनी ट्रेनच घ्या कारण वळणं आपल्या आंबोली घाटासारखी आहेत. बसस्टॉपवर हात दाखवावा लागतो नाहीतर ड्रायव्हर थांबत नाही, हे नवीन माणसाला कोणी सांगत नाही. मोठी बॅग रुईफांग स्टेशनच्या लॉकरमध्ये टाका, वर सगळ्या पायऱ्याच आहेत, चाकांच्या बॅगेचा काही उपयोग नाही. शनिवार-रविवार टाळा. मंगळवार ते गुरुवार बेस्ट. म्युझियम महिन्याच्या पहिल्या सोमवारी बंद असतं तेवढं बघून घ्या.

जिउफेन सोडलं की बस एक खिंड ओलांडते आणि डोंगराचा रंगच बदलतो, खाली एकदम समुद्र दिसतो. वाटेत उतारावर रंगीत छोटी छोटी घरं दिसतात, लांबून मलाही पहिल्यांदा वस्तीच वाटली होती, ती थडगी आहेत. इथे पूर्वजांच्या थडग्याला घरासारखा आकार देतात. खिडकीतून बघा, पण उतरून तिथे फोटोसेशन करू नका.

हवेचं खरं सांगते. हा भाग पावसाचा आहे, शेजारच्या किलुंगला तर पावसाचं बंदरच म्हणतात. आपल्या उलट, इथे थंडीत जास्त भिजायला होतं, ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत ईशान्येचा वारा समुद्रावरून ढग आणतो आणि ते ढग या डोंगरांना अडतात, मग दिवस दिवस बारीक रिपरिप. आकडा बारा-पंधरा डिग्रीच असतो पण ओल अशी की हाडात शिरते, आणि घरांमध्ये हीटर बहुतेक नसतो. जुलै ते सप्टेंबर टायफूनचे दिवस, वॉर्निंग असेल तर सरळ प्लॅन पुढे ढकला. मला विचाराल तर एप्रिल चांगला, नाहीतर ऑक्टोबर शेवट-नोव्हेंबर, तेव्हा सगळ्या डोंगरावर पांढऱ्या तुऱ्यांचं उंच गवत फुलतं आणि वाऱ्यावर एकदम लवतं, त्यासाठी थोडं भिजलं तरी चालेल. छत्रीपेक्षा रेनकोट घ्या, वाऱ्यात छत्री उलटी होते. शूज पकड असलेले पाहिजेत कारण दगडी पायऱ्यांवर शेवाळ असतं.

पोचल्यावर पहिला दिवस गोल्ड म्युझियमला द्या. नाव म्युझियम असलं तरी ती एक इमारत नाहीये, खाणीच्या जुन्या वस्तीचा सगळा परिसरच आहे, जपानी ऑफिसरांची लाकडी घरं, जुने रूळ, आणि एक पाहुणेघर जे १९२२ मध्ये जपानच्या युवराजाच्या दौऱ्यासाठी बांधलं होतं. तो दुसऱ्या वर्षी तैवानला आला पण इथपर्यंत आलाच नाही. म्युझियमच्या बिल्डिंगमध्ये २२० किलोची सोन्याची वीट आहे, काचेच्या पेटीला भोक आहे त्यातून हात घालून ती हलवून बघता येते, अर्थात हलत नाही. गर्दी तिथेच असते. मला स्वतःला त्यापेक्षा बेनशान पाच नंबरचं भुयार महत्त्वाचं वाटतं. त्याचं वेगळं तिकीट आहे, हेल्मेट देतात, आत वाकून चालावं लागतं, पाणी ठिबकत असतं, आणि पुतळे उभे करून खाणीत काम कसं चालायचं ते दाखवलंय. लहान मुलांना पण न्या, घाबरत नाहीत.

त्याच्या वरच्या बाजूला जपानी देवळाचे अवशेष आहेत. वीस-पंचवीस मिनिटांच्या पायऱ्या आहेत, दम लागतो. वर छप्पर नाही, भिंती नाहीत, नुसते खांब आणि दगडी दिवे उभे आहेत समुद्राकडे तोंड करून. आईला घेऊन गेले तेव्हा तिचे गुडघे दुखत होते म्हणून ती खाली बाकावर थांबली आणि मी एकटीच वर गेले, तर अर्धा तास तिथे माझ्याशिवाय कोणीच नव्हतं. तुमच्याबरोबर पण वयस्कर माणसं असतील तर हा भाग सोडा, रूळाच्या कडेने सपाट वाटा आहेत, त्यांच्यासाठी तेवढं पुष्कळ झालं.

जेवणाचं आधी ठरवून या. इथला प्रसिद्ध डबा म्हणजे खाणकामगारांचा डबा, स्टीलच्या डब्यात भात, त्यावर डुकराच्या मांसाचा मोठा तुकडा, रुमालात बांधून देतात आणि डबा घरी न्यायला मिळतो. चालत असेल तर जरूर खा. शाकाहारी लोकांनी एक वाक्य पाठ करा, 'वो छ सू', म्हणजे मी शाकाहारी आहे. बौद्ध लोकांमुळे तैवानमध्ये शाकाहार सगळ्यांना कळतो, बऱ्याच शाकाहारी हॉटेलांच्या पाटीवर चक्क स्वस्तिकासारखं चिन्ह असतं, ते दिसलं की बिनधास्त आत जा. त्या जेवणात कांदा-लसूण पण नसतो, म्हणजे घरातल्या चातुर्मास पाळणाऱ्यांचीही सोय होते. पण जिनग्वाशीत निवड कमी आहे आणि संध्याकाळी दुकानं लवकर बंद होतात, त्यामुळे रात्रीच्या खाण्याची सोय रुईफांगमध्येच करून घ्या, फळं, भाजलेलं रताळं, ब्रेड, काहीही. आम्ही थेपले आणि चटणी नेली होती आणि होमस्टेच्या आजींनी गरम चहा दिला. साखर-दुधाचा नाही हं, त्यांचा पिवळसर, बिनदुधाचा. होमस्टेला इथे 'मिन्सू' म्हणतात, बऱ्याच ठिकाणी कॅशच लागते.

रात्री गॅलरीत नक्की बसा. उन्हाळ्यात समोरच्या समुद्रात माकुळ पकडणाऱ्या होड्या प्रखर दिवे लावून उभ्या असतात, आकाश कुठे संपलं आणि पाणी कुठे सुरू झालं कळत नाही. फक्त आवाज खाली ठेवा. या गावात एका घराचं छप्पर म्हणजे दुसऱ्या घराचं अंगण असतं, आपण हळू बोललेलंही खालच्या आजोबांना ऐकू जातं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठून छीथांग गल्लीने चालायला लागा. गल्ली म्हणजे पायऱ्याच, दोन्हीकडे जुनी घरं, काहींवर अजून डांबरी कापडाची काळी छपरं आहेत, टायफूनच्या आधी त्यांना दरवर्षी डांबर फासायचे, आपल्याकडे पावसाळ्याच्या आधी कौलं शाकारतात तसंच. गल्लीच्या वर छुआनची मंदिर लागतं, छपरावर ग्वान गोंग देवाचा भलामोठा तांब्याच्या रंगाचा पुतळा बसलाय, लांबून पण दिसतो. मंदिरात आपण उजव्या हाताच्या दाराने आत जायचं, डाव्या दाराने बाहेर यायचं, मधलं दार देवाचं. आणि उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

मंदिराजवळून दोन वाटा आहेत. ट्रेकची सवय असेल तर चहाच्या किटलीचा डोंगर, कान तुटलेल्या किटलीसारखा सुळका आहे, तास-दीड तास लागतो, शेवटी दोर धरून खडकावरून चढायचं आहे. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना काही विशेष नाही पण दरड पडायची भीती असते, बंदची पाटी असेल तर तिथूनच परत फिरा, आणि ओल्या खडकावर तर अजिबात नको. सवय नसेल तर बाओशी टेकडी, लाकडी फळ्यांची वाट, दहा मिनिटांत टोकाला, आणि समोर किटलीचा डोंगर, खाली वळणावळणाचा रस्ता आणि अर्धा पिवळा अर्धा निळा समुद्र. ज्यांच्याकडे एकच तास आहे त्यांना मी हीच टेकडी सांगते.

मग उतरायला लागा. वाटेत युद्धकैद्यांचं स्मारक आहे, ते चुकवू नका. १९४२ च्या नोव्हेंबरपासून इथे जपान्यांची छावणी होती, सिंगापूर पडल्यावर पकडलेले ब्रिटिश आणि इतर सैनिक आणून त्यांना तांब्याच्या खाणीत जुंपलं होतं. उपासमार, मार, खाणीतली उष्णता, कित्येक जण परत गेलेच नाहीत. छावणीचा एक खांब आणि भिंतीचा तुकडा एवढंच उरलंय, बाजूला काळ्या दगडावर तैवानमधल्या चार हजारांवर कैद्यांची नावं कोरलीत. वरच्या म्युझियममध्ये सोनं बघितलेलं असतं, म्हणून इथे येऊन दहा मिनिटं उभं राहाच.

त्याच्या पुढे रस्त्याने खाली सोनेरी धबधबा. खाणीच्या डोंगरातून झिरपणारं पाणी लोखंड आणि इतर खनिजं घेऊन येतं, म्हणून खडक पिवळे-तांबडे झालेत. पाणी आम्लाचं आहे, हात घालू नका, मुलांना सांभाळा. तेच पाणी खाली समुद्रात जातं, त्यातलं लोखंड खाऱ्या पाण्यात विरघळत नाही, तरंगत राहतं, म्हणून ते वरून दिसलेलं पिवळं पाणी. रस्ता अरुंद आहे आणि फुटपाथ सगळीकडे नाहीये, चालायचं नसेल तर ८९१ नंबरची छोटी बस म्युझियमपासून धबधब्यावरून खाली श्वेइनानतुंगपर्यंत फेरी मारते.

खाली पोचलात की मागे वळून बघा, डोंगराच्या अंगावर पायऱ्यापायऱ्यांनी चढलेला कारखाना आहे, तेरा मजली म्हणतात त्याला, १९३३ मध्ये बांधलेला. आत जायला बंदी आहे, रस्त्यावरूनच बघायचं. २०१९ पासून संध्याकाळी त्यावर पिवळे दिवे लावतात. ते दिवे बघायचे असतील तर रुईफांगला जाणाऱ्या शेवटच्या बसची वेळ स्टॉपवरच्या पाटीवर आधी बघून फोटो काढून ठेवा, आणि बसच्या दहा मिनिटं आधी योग्य दिशेच्या स्टॉपवर जाऊन उभे राहा, कारण तिथे अंधारात टॅक्सी मिळत नाही.