जाम झालेला बोल्ट: आधी तेल, मग वेळ, जोर सगळ्यात शेवटी

गाडीखाली झोपून पाना लावला, सगळा जोर दिला, बोल्ट जागचा हलला नाही आणि पाना सटकून बोटं मात्र सोलली, असं झालंय ना? लोखंड गंजलं की फुगतं, गंजाला जागा जास्त लागते आणि आट्यांमध्ये ती नसतेच, म्हणून बोल्ट पाचर ठोकल्यासारखा बसतो.

आधी वायर ब्रशने बाहेर दिसणारे आटे घासा, नाहीतर सुटलेला नट पुढे त्याच गंजात परत अडकतो. मग पेनिट्रेटिंग ऑइल, म्हणजे आट्यांच्या फटीत झिरपणारं पातळ तेल. डब्ल्यूडी-४० चा नेहमीचा डबा हाताशी असेल तर मारा, पण तो मुळात ओलावा घालवायला बनवलाय, खास गंजासाठीचं ऑइल मिळालं तर तेच बरं. रात्रभर मुरू द्या, मधे एकदोनदा परत मारा आणि दर वेळी बोल्टच्या माथ्यावर हातोडीने चारपाच टोले द्या, हादऱ्याने गंजाची पकड ढिली होते न तेल आत शिरतं.

सॉकेट सहा कोनांचाच घ्या. मी एकदा ब्रेकच्या कॅलिपरच्या बोल्टला बारा कोनांचा रिंग पाना लावला, करक आवाज आला, म्हटलं सुटला बुवा! बघतो तर बोल्ट तिथेच आणि माथं गुळगुळीत गोल. अशा वेळी किंचित लहान सॉकेट ठोकून बसवायचा किंवा वाइस ग्रिपने (पकडून लॉक होणाऱ्या पक्कडीने) आवळून धरायचं, पण तिथवर जाऊच नका.

आता गंमत म्हणजे सोडायच्या आधी बोल्ट किंचित आवळायचा, अगदी केसभर, गंजाची पकड तिथेच तुटते बऱ्याचदा. मग लांब दांडीचा ब्रेकर बार लावा, रॅचेटला पाईप घालून लोंबकळू नका, आतले दात जातात. गाडी नुसत्या जॅकवर नको, स्टँड लावा, कारण इथे तुम्ही गाडीला हिसके देणार आहात. खटकन हलला तर सुटला, पण मऊ मऊ, रबर पिळल्यासारखं लागलं तर लगेच थांबा, बोल्ट तुटायच्या बेतात आहे. अर्धा आटा बाहेर, पाव आटा परत आत, थोडं तेल, असं करत काढा.

नाहीच ऐकला तर गॅसची टॉर्च, ज्योतवाली. बोल्ट नाही, त्याच्या भोवतीचा नट तापवा, तो फुगतो न पकड सुटते. आधी मारलेलं तेल पुसून घ्या, पेट घेतं. पेट्रोलची लाइन, ब्रेक होज, रबर बुश जवळ असेल तर आग नकोच. आणि ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी तर अजिबात नाही, काही क्लीनरमध्ये क्लोरीनवालं सॉल्व्हंट असतं, तापलं की विषारी गॅस होतो.

तुटलाच तर बरोबर मधोमध उलटा फिरणारा ड्रिल बिट चालवा, कधीकधी तुकडा त्यालाच चिकटून बाहेर येतो. एक्स्ट्रॅक्टरवर (तुटलेला तुकडा काढायच्या उलट्या आट्यांच्या हत्यारावर) जोर करू नका, तो कडक पोलादाचा असतो, आत तुटला की साधं ड्रिल त्याला लागत नाही, मग मशीन शॉपच गाठावं लागतं.

परत बसवताना नवीन बोल्ट आणि आट्यांना थोडं अँटी-सीझ, म्हणजे बोल्ट पुन्हा जाम होऊ नये म्हणून लावायची पेस्ट. चाकाच्या नटांना मात्र मॅन्युअलमध्ये सांगितलं नसेल तर लावू नका, आटे बुळबुळीत झाले की त्याच टॉर्कला (पिळायच्या जोराला) नट जरुरीपेक्षा जास्त आवळला जातो.