गुप्तहेरपटांसारखी आलिशान सहल आखताय? बेळगावहून निघण्याआधी या चुका टाळा

उदयपूरच्या पिछोला तलावाकाठी पहिल्यांदा उभी राहिले, तेव्हा समोर पांढराशुभ्र लेक पॅलेस होता. १९८३ च्या 'ऑक्टोपसी' या जेम्स बाँडपटात पाहिलेला, अगदी तसाच. बोटीने जाऊन निदान चहा तरी घेऊ, असं आम्ही बेळगावच्या टिळकवाडीत बसून ठरवलं होतं. धक्क्यावर कळलं की ती बोट फक्त मुक्कामी पाहुण्यांसाठी असते. चूक आमचीच होती, आधी विचारलंच नव्हतं. दोन दिवसांतली एक संध्याकाळ तिथेच गेली.

त्यानंतर घरच्यांच्या, मैत्रिणींच्या बऱ्याच सहली आखून दिल्या. सगळ्यांचं एकच चुकतं. सिनेमात दोन तासांत पाच देश होतात, म्हणून आपणही सात दिवसांत चार शहरं कोंबतो. मग पैसे ऐषारामाचे जातात आणि वेळ विमानतळावरच्या रांगेत. एक जागा निवडा आणि तिथे चार रात्री राहा. थाट म्हणतात तो तिथेच मिळतो, कारण सकाळी कुठे पळायचं नसतं.

पडद्यावरचं गाव खरं मानणं

२००६ च्या 'कॅसिनो रॉयल' या बाँडपटातला जुगाराचा डाव माँटेनेग्रोत दाखवलाय. ते देखणं हॉटेल मात्र चेक प्रजासत्ताकात, कार्लोव्ही व्हारी या झऱ्यांच्या गावात आहे. त्याचं खरं नाव ग्रँडहोटेल पुप. माँटेनेग्रोचं तिकीट काढून हे हॉटेल शोधत बसलात तर सापडणार नाही. शिवाय चेक प्रजासत्ताक शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे आणि माँटेनेग्रो नाही, त्यामुळे व्हिसाचं गणितही बदलतं. तिकिटाआधी चित्रीकरणाची जागा नीट तपासा.

उदयपूरचंही तसंच. पडद्यावर पाहिलेलं सगळं एका वास्तूत नाही. लेक पॅलेस, शिवनिवास आणि डोंगरावरचा सज्जनगड अशा वेगवेगळ्या जागा आहेत. सज्जनगडावर कुणालाही जाता येतं. तलावातल्या जगमंदिरालाही सिटी पॅलेसच्या बाजूने बोटी सुटतात. लेक पॅलेसमध्ये राहायचंच असेल तर एकच रात्र घ्या, तीही शेवटची. पहिल्या दिवशी प्रवासाने अंग आंबलेलं असतं, खोलीत शिरेपर्यंत अंधार पडतो आणि सकाळी खोली सोडायची वेळ होते. शेवटच्या रात्रीसाठी दुपारीच सामान घेऊन पोचता येतं. मावळतीचं पाणी, रात्रीचे दिवे, पहाट, सगळं पदरात पडतं.

सुट्टी बघून जागा ठरवणं

सीमाभागात ही अडचण जास्त जाणवते. आपल्या शाळांना एप्रिल-मे आणि दसऱ्याची सुट्टी, तर कोल्हापूर-पुण्याच्या नातेवाइकांची सहामाही सुट्टी दिवाळीत. सगळ्यांनी मिळून जायचं म्हटलं की मे महिनाच उरतो, आणि मेमध्ये उदयपूर भाजून काढतं. तलावाचं पाणीही उतरलेलं असतं. पाऊस बरा झाला असेल तर आपल्या दसऱ्यात तलाव भरलेला असतो, म्हणून उदयपूर तेव्हाच करा. नातेवाइकांसोबत वेगळी सहल करता येईल.

थायलंडमधलं 'जेम्स बाँड बेट', म्हणजे फांगन्गा उपसागरातलं खाओ पिंग कान, मात्र दसऱ्यात नको. त्या किनाऱ्याला मे ते ऑक्टोबर पाऊस असतो. १९७४ च्या बाँडपटात दिसलेला तो उभा सुळका को तापू. १९९८ पासून बोटींना त्याच्याजवळ जाऊ देत नाहीत, काठावरूनच बघायचा. तिथे मुक्कामाची सोय नाही आणि दुपारी झुंबड उडते. स्वतंत्र बोट ठरवून सकाळी लवकर निघा. पैसे खर्च करायचेच असतील तर इथे करा.

स्वित्झर्लंडमधल्या फुर्का खिंडीचा रस्ता १९६४ च्या 'गोल्डफिंगर'मध्ये आहे. उंची २,४२९ मीटर. हिवाळ्यात तो बर्फाने बंद असतो, साधारण जून ते ऑक्टोबर खुला. तिथल्याच २,९७० मीटर उंच शिल्टहॉर्न शिखरावरच्या, बाँडपटात दिसलेल्या फिरत्या उपाहारगृहाला जायचं असेल तर तारीख बांधून घेऊ नका. ढग उतरले की काहीच दिसत नाही. खालच्या म्युरेन गावात दोन रात्री काढा, सकाळी वेबकॅमवर शिखर मोकळं दिसलं की मगच तिकीट घ्या.

कागदपत्रं शेवटी बघणं

सगळ्यात जास्त सहली इथे अडतात. २०१४ मध्ये 'बेळगाव'चं अधिकृत नाव 'बेळगावी' झालं, त्यामुळे जुन्या पासपोर्टवर एक आणि नव्या कागदांवर दुसरं असतं. त्यात कन्नड दाखल्यावर वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर, मराठी शाळेच्या दाखल्यावर पूर्ण नाव आणि आधारवर तिसरंच स्पेलिंग. तिकीट पासपोर्टवरच्या अक्षरांप्रमाणेच काढा. आडनावाचा रकाना रिकामा असेल तर आधी तो दुरुस्त करून घ्या. एकाच नावाचा पासपोर्ट असलेल्यांना संयुक्त अरब अमिराती २०२२ पासून पर्यटक व्हिसावर सहसा प्रवेश देत नाही.

शेंगेन व्हिसासाठी सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, त्याचा फायदा घ्या. ३०,००० युरोंचं वैद्यकीय विमा संरक्षणही लागतं.

दोन वेगळी तिकिटं

बेळगावच्या सांबरा विमानतळाहून मुंबईचं एक तिकीट आणि पुढच्या देशाचं दुसरं, असं स्वस्तात जमवलंत आणि पहिलं विमान रद्द झालं, तर दुसरी कंपनी थांबत नाही, पैसेही देत नाही. एकाच बुकिंगमध्ये सगळा प्रवास घ्या, नाहीतर आदल्या रात्रीच मुंबईत पोचा. गोव्याहून उडणार असाल तर पावसाळ्यात चोर्ला घाटासाठी भरपूर वेळ हाताशी ठेवा. विमान चुकलंच तर विमानतळ सोडण्याआधी परतीच्या तिकिटाबद्दल बोला. जाण्याचा टप्पा वापरला नाही तर बऱ्याचदा परतीचाही आपोआप रद्द होतो.

बॅगेत काय भरलंय

कुंदा नेऊ नका. मला हे सांगताना वाईट वाटतं, पण युरोपीय संघाच्या देशांत आणि स्वित्झर्लंडमध्ये आपल्याकडचे दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. तूपही त्यातच आलं. शेंगदाण्याची चटणी चालते.

हेरगिरीची म्हणून मिळणारी पेन-कॅमेऱ्यासारखी उपकरणं घरीच ठेवा. ड्रोनसाठी प्रत्येक देशाची परवानगी वेगळी. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच.

कपड्यांचं मात्र मनापासून करा. काळा बंदगळा आपल्याकडच्या शिंप्याकडून लग्नसराईआधी शिवून घ्या, तो कुठल्याही मोठ्या भोजनगृहात शोभतो. आणि बायकांनो, भाड्याच्या गाऊनच्या मागे लागू नका. मी कार्लोव्ही व्हारीला जेवायला शहापुरी साडी नेसून गेले होते. पुढच्या वेळीही तीच नेसणार आहे.