चांदीचा जुना रुपया इतवारीत नेण्याआधी

लक्ष्मीपूजनाच्या ताटातले राणीछाप रुपये दर दिवाळीला चिंचेने नाहीतर टूथपेस्टने घासून लख्ख करायची पद्धत नागपुरात घरोघरी आहे. नाण्याच्या किमतीचे सर्वांत जास्त नुकसान तिथेच होते. टाकसाळीतून आलेली झळाळी एकदा गेली की परत येत नाही, आणि भिंगातून बारीक ओरखडे लगेच दिसतात. काळपट थर तसाच राहू द्या. संग्राहकाला तो हवा असतो. नाणे कडेने धरा.

नागपूरच्या इतवारी भागातल्या सराफ्यात साधारणपणे मिळतो तो चांदीचा भाव. तो चुकीचा नाही, पण ती तळाची किंमत आहे. ती घरीच काढून ठेवा. १८३५ पासून १९३९ पर्यंतचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे एका जुन्या तोळ्याचा. त्यात ९१.७ टक्के चांदी, म्हणजे सुमारे १०.६९ ग्रॅम. त्या दिवसाच्या एका ग्रॅमच्या भावाने याला गुणा. १९४० ते १९४५ चा रुपया वजनाला तेवढाच, पण चांदी निम्मी: ५.८३ ग्रॅम. १९४७ चा रुपया निकेलचा. तो चुंबकाला चिकटतो म्हणून त्याला खोटा ठरवू नका. चांदीचा रुपया चिकटला तर मात्र तो नक्की खोटा.

मग खरेखोटे पाहा. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा आणि दहापट दाखवणारे भिंग पुरते. झिजलेले नाणे थोडे हलके भरणारच. पण अक्षरे ठसठशीत असूनही ११ ग्रॅमच्या खाली भरले तर ते ओतीव नक्कल असण्याची शक्यता मोठी. कडेवर जोडाची रेघ आणि पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खड्डे शोधा. माळेसाठी कडी झाळली असेल, तर ती काढून टाकल्यावरही कडेला खूण उरते आणि भाव बराच पडतो.

खरा फरक साल आणि टाकसाळ यांनी पडतो, म्हणून इथे घाई नको. व्हिक्टोरियाच्या रुपयावर १८६२ हेच साल पुढे कित्येक वर्षे छापले गेले. सालाखालचे ठिपके मोजल्याशिवाय प्रकार कळत नाही, आणि काही प्रकार इतरांपेक्षा खूप दुर्मीळ आहेत. पंचम जॉर्जच्या १९११ च्या रुपयावर झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, बरीचशी नाणी वितळवली गेली आणि १९१२ पासून चित्र सुधारले. १९३९ चा रुपया फारच दुर्मीळ, म्हणूनच १९३८ मधला आठ कोरून नऊ केलेले रुपये फिरतात. शेवटचा आकडा भिंगाखाली तिरप्या उजेडात पाहा.

अवस्था उंच भागांवरून ठरते: राणीचा गाल आणि केस, राजाच्या मुकुटातले मोती. एकच साल झिजलेले असले तर चांदीच्या भावाच्या थोडेच वर जाते, न वापरलेले असले तर कित्येक पटींनी.

आता लिलावांचे निकाल काढा. गेल्या दोन-तीन वर्षांतले, तेच साल, तीच टाकसाळ, तीच अवस्था, निदान तीन-चार. झालेली विक्रीच धरा, मागितलेली किंमत नाही. व्यापाऱ्याला आपला नफा काढायचा असतो, तेव्हा तो लिलावापेक्षा कमीच देणार.

नागपूरकर भोसल्यांची नाणी वेगळी वाचावी लागतात. त्यांवर मोगल बादशहाचे नाव फारसीत असते आणि ठसा नाण्याहून मोठा असल्यामुळे अर्धा मजकूर बाहेर राहतो. जितके वाचता येईल तितका भाव.

राम दरबाराचे चित्र असलेली ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ ही नाणी कंपनीने कधी पाडलीच नाहीत. जुने नाणे लाखोंना घेतो म्हणून आधी कमिशन मागणाऱ्याचा फोन ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेच्या नावाने असे चालते, असा इशारा बँकेनेच २०२१ मध्ये दिला आहे. शेतात नांगरताना नाण्यांचे मडके निघाले तर विकायला काढू नका: १८७८ च्या कायद्याप्रमाणे आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.