बेळगावच्या उद्यमबागेतली वाट: ऑपरेटर ते सेटर, आणि पुढं

"पोरगा उद्यमबागला कंपनीत आहे" एवढं सांगितलं की गावातली चौकशी संपते. कंपनीत म्हणजे कशावर, किती वर्षं, पुढं काय, हे कुणी विचारत नाही. ज्यानं वीस वर्षं काढली तोही "टर्निंगला आहे" म्हणून मोकळा होतो. मग दहावी झालेल्या पोराला दिसतं ते फक्त गेट. गेटच्या आत पायऱ्या कोणत्या आणि कुठल्या पायरीवर माणसं दहा-दहा वर्षं बसून राहतात, ते इथं मांडलं आहे. बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा या पट्ट्यातल्या मशिन शॉपची, म्हणजे धातूचे भाग कापून घडवणाऱ्या कारखान्यांची, ही वाट आहे. खानापूर, निपाणी, चंदगडकडून येणाऱ्यांनाही तीच.

आयटीआय, ॲप्रेंटिस, ऑपरेटर, सेटर, प्रोग्रामर असा क्रम धरा. ऑपरेटर मशिन चालवतो, सेटर नव्या जॉबसाठी (घडवायच्या भागासाठी) मशिन जुळवून देतो, प्रोग्रामर मशिनला द्यायच्या सूचना लिहितो. ऑपरेटरपर्यंत दिवस भरले की माणूस पोचतोच. ऑपरेटरचा सेटर मात्र नुसते दिवस भरून होत नाही.

आयटीआय आणि ॲप्रेंटिसचं वर्ष

टर्नर, मशिनिस्ट आणि फिटर हे तिन्ही ट्रेड दोन वर्षांचे, वेल्डर एक वर्षाचा. सीएनसीवर (प्रोग्रामवर चालणाऱ्या मशिनवर) जायचं असेल तर टर्नर किंवा मशिनिस्ट घ्या. साध्या लेथवर काय शिकायचं, आता सगळं सीएनसीच आहे, असं म्हणणारे भेटतील; त्यांचं ऐकू नका. टूलची धार कधी गेली हे आवाजावरून आणि चिपच्या (कापून निघालेल्या किसाच्या) रंगावरून कळायला लागतं ते साध्या लेथवरच. दोन वर्षांत तीन गोष्टी पक्क्या करा: हातानं ड्रिलला धार लावणं, लेथवर आटे पाडणं आणि मोजणं. व्हर्नियर ०.०२ मिमीपर्यंत वाचतो, मायक्रोमीटर ०.०१ पर्यंत. मायक्रोमीटर हातात घेतल्यावर आधी शून्य तपासायचं, मग जॉबला लावायचा. ही सवय आयटीआयमध्ये लागली नाही तर पुढं रिजेक्शन खाऊनच लागते.

मराठी माध्यमाची पोरं ड्रॉइंगवरच्या इंग्रजीला बिचकतात. ते इंग्रजी म्हणजे पन्नासेक शब्द: बोअर, चॅम्फर, पीसीडी, थ्रू, डेप्थ, असेच. महिन्याभरात होतात. कन्नड मात्र नुसतं बोलता येऊन भागत नाही, वाचताही आलं पाहिजे. सरकारी कचेरीतली नोटीस कन्नडमधून असते आणि दरवेळी कुणाला तरी वाचायला लावणं परवडत नाही.

आयटीआयनंतरचं ॲप्रेंटिसचं वर्ष नोंदणी केलेलंच घ्या. कराराची नोंद ॲप्रेंटिसशिपच्या केंद्र सरकारच्या पोर्टलवर व्हायला लागते आणि तिचा क्रमांक तुमच्याकडं असायला लागतो. वर्ष संपल्यावर परीक्षा होते आणि राष्ट्रीय ॲप्रेंटिसशिप प्रमाणपत्र मिळतं. काही ठिकाणी 'ट्रेनी' म्हणून घेतात, हातात रोख देतात आणि नोंद कुठंच करत नाहीत. तिथलं वर्ष कागदावर शून्य. नोंदणीकृत ॲप्रेंटिसला स्टायपेंड मिळतो, पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) लागू नसतं. ते कापलं नाही म्हणून घाबरायचं कारण नाही.

ऑपरेटर: चुका इथंच होतात

ऑपरेटरचं काम बाहेरून सोपं दिसतं. जॉब लावायचा, दार बंद, सायकल स्टार्ट, जॉब काढायचा, मोजायचा. यातलं "मोजायचा" नीट कळलं की निम्मं काम आलं.

शाफ्टचा व्यास १०० मिमी आहे आणि टॉलरन्स (चालणारा फरक) शून्य ते उणे ०.०३५, असं धरा. मशिनमधून काढल्या काढल्या मोजलं तर उणे ०.०१५. अगदी मधोमध, म्हणून तुम्ही खूश. पण जॉब खोलीपेक्षा २० अंशांनी गरम आहे. १०० मिमी पोलाद २० अंशांना साधारण ०.०२३ मिमी फुगतं. तोच जॉब गार झाल्यावर उणे ०.०३८ भरतो आणि सकाळी इन्स्पेक्शनवाला लाल टॅग लावतो. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या शॉपमध्ये हे हमखास होतं. पहिला जॉब कूलंटमध्ये गार करून, पुसून, मगच मोजा.

दुसरी चूक ऑफसेटची. व्यास ५०.०० हवा आणि आला ५०.०४. वेअर ऑफसेटला (टूलची झीज भरून काढायला मशिनमध्ये टाकतात त्या आकड्याला) आधीच उणे ०.१२ आहे. आता उणे ०.०४ टाकून '+इनपुट' दाबलं तर उणे ०.१६ होतं आणि पुढचा जॉब बरोबर येतो. घाईत नुसतं 'इनपुट' दाबलं तर जुना आकडा पुसला जाऊन उणे ०.०४ राहतं आणि पुढचा जॉब येतो ५०.१२. बाहेरचा व्यास मोठा आला तर परत कट घेऊन वाचतो. बोअरमध्ये (आतल्या भोकात) चिन्ह उलट पडलं तर जॉब गेलाच. टर्निंगमध्ये एक्सचा (टूल जॉबच्या मध्याकडं सरकतं त्या दिशेचा) आकडा व्यासाचा असतो, म्हणून ०.०४ जास्त आलं तर ०.०४ च काढायचं, निम्मं करायचं नाही. आकडा दाबायच्या आधी जुना आकडा वहीत लिहून ठेवा.

तिसरी चूक दशांश चिन्हाची. बऱ्याच कंट्रोलवर 'एक्स ५०' लिहून पुढचं टिंब विसरलं तर मशिन ते ०.०५० मिमी समजतं. टूल थेट चकच्या (जॉब धरून फिरवणाऱ्या पकडीच्या) मध्याकडं निघतं. टरेट (टूल बसवायचा फिरता भाग) वाकतो तो अशा एका टिंबापायी.

टिपच्या (टूलच्या बदलत्या धारेच्या तुकड्याच्या) डबीवरचा नंबरही वाचायला शिका. सीएनएमजी १२०४०८ मध्ये शेवटचे ०८ म्हणजे टोकाची त्रिज्या ०.८ मिमी. या टिपनं फीड (एका फेऱ्यात टूल किती मिमी सरकतं ते) ०.२ ठेवला तर फिनिश साधारण १.६ आरए (पृष्ठभागाच्या खडबडीतपणाचं माप, मायक्रॉनमध्ये) येतो, फीड ०.३ केला की साडेतीनच्या आसपास जातो. सायकल टाइम वाचवायला फीड वाढवला आणि पार्टीनं (काम देणाऱ्या गिऱ्हाइकानं) माल परत पाठवला, यामागं बऱ्याचदा एवढंच असतं.

सेटर व्हायचं तर जागा कशी निवडायची

इथं एक साधं गणित लोक करत नाहीत. ज्या शॉपमध्ये एकच जॉब सहा महिने चालतो, तिथं सेटिंग होतच नाही. तुम्ही पाच वर्षं काढाल आणि पाचही वर्षं तोच बटन दाबाल. पन्नास ते दोनशे नगांच्या लॉटवर चालणाऱ्या जॉबवर्कच्या (दुसऱ्यांचे भाग घडवून देणाऱ्या) शॉपमध्ये मशिन दिवसाआड, कधी दिवसातून दोनदा बदलावं लागतं. पगार हजार रुपयांनी कमी असला तरी पहिली तीन वर्षं दुसऱ्या प्रकारच्या शॉपमध्ये काढा. नोकरीला जाताना "किती देणार" याच्या आधी "लॉट किती नगांचा असतो" हे विचारा. गावातल्या अण्णाला, दादाला त्याच्या कामाबद्दल विचारतानाही हाच प्रश्न घाला: आठवड्यात किती सेटिंग स्वतःच्या हातानं करतोस? उत्तरावरून त्याची पंधरा वर्षं कशी गेली ते कळेल.

सेटिंग चालू असताना तिथं थांबायची सवय लावा, शिफ्ट संपली तरी. सेटरच्या हाताखाली स्पॅनर देत उभं राहून जे कळतं ते कुठल्याच कोर्समध्ये कळत नाही. सॉफ्ट जॉ (चकचे जॉबच्या मापाला कापून घ्यायचे मऊ जबडे) बोअर करतानाच बघा. जॉमध्ये रिंग धरून, जॉब धरताना जेवढं प्रेशर ठेवणार तेवढ्याच प्रेशरवर, जॉबच्या व्यासाला बोअर करायचं. कमी प्रेशरवर बोअर केलं तर जॉब जास्त प्रेशरवर धरल्यावर जॉ थोडे उचलतात आणि रनआउट येतो, म्हणजे जॉब मध्यावर न फिरता डगमगतो. नंतर डायल (काट्याचं मोजमाप) लावून बघायचं, ०.०२ च्या आत हवं.

पातळ रिंग असेल तर उलटी अडचण. तीन जॉनी जोरात दाबल्यावर रिंग तीन ठिकाणी आत जाते, त्याच अवस्थेत बोअर गोल होतो, आणि चक सोडल्यावर रिंग परत फुलते व बोअर तिकोनी होतो. गंमत म्हणजे दोन टोकांनी मोजणाऱ्या बोअर गेजला हे दिसत नाही, कारण तिकोनी बोअरचा व्यास सगळीकडून जवळपास सारखाच भरतो. प्लग गेज (भोकात घालून बघायचा गोल दांडा) मात्र अडकतो. गेज चुकीचा म्हणून भांडण्याआधी प्रेशर कमी करून एक जॉब काढून बघा, नाहीतर जॉची पकड रुंद करा.

नवा प्रोग्राम चालवताना सिंगल ब्लॉकवर (एकेक ओळ करून), रॅपिड (टूलची मोकळी धाव) कमीत कमी ठेवून, एक बोट फीड होल्डवर (टूल थांबवायच्या बटनावर). स्क्रीनवरचं 'अजून किती जायचं' आणि टूल ते जॉब डोळ्यानं दिसणारं अंतर जुळतंय का बघत राहायचं. जुळलं नाही की थांबायचं, "होईल बरोबर" म्हणायचं नाही.

प्रोग्रामिंग त्यापुढं फार अवघड नाही. जी ७१ (रफ कट), जी ७० (फिनिश कट), जी ७६ (आटे) एवढ्या सायकली आणि आरपीएमचं (मिनिटाला फेऱ्यांचं) सूत्र आलं की टर्निंगचं बरंचसं काम होतं. कटिंग स्पीड मिनिटाला १५० मीटर आणि व्यास ५० मिमी असेल तर आरपीएम येतो ९५५. जी ९६ (कटिंग स्पीड कायम ठेवणारी सूचना) वापरताना जी ५० नं कमाल आरपीएम बांधून ठेवा. फेसिंग (जॉबचं तोंड सपाट) करताना व्यास शून्याकडं जातो, आरपीएम वर चढत जातो आणि जॉब चकमधून निसटतो.

दुसरे फाटे

सगळ्यांनी मशिनवरच राहावं असं नाही. बेळगावात फौंड्र्या (धातू ओतून भाग बनवणारे कारखाने) पुष्कळ, आणि फौंड्री म्हटलं की पोरांना फक्त मोल्डिंगचं कष्टाचं काम दिसतं. सँड लॅब कुणाला दिसत नाही. ग्रीन सँडमध्ये (साच्याच्या ओल्या वाळूत) ओलावा साधारण ३ ते ४ टक्के लागतो. कमी झाला तर साचा ढासळून वाळू कास्टिंगमध्ये जाते, जास्त झाला तर वाफेनं ब्लोहोल (आत पोकळ भोकं) पडतात. हे रोज मोजणारा, नोंद ठेवणारा माणूस फौंड्रीला सहज मिळत नाही. फेटलिंगला (कास्टिंग घासून साफ करायला) असाल तर मास्क न लावता एक दिवसही उभं राहू नका, सिलिकाची धूळ फुप्फुसातून परत निघत नाही.

हत्तरगीच्या एरोस्पेस सेझमध्ये (विमानांचे भाग बनवणाऱ्या विशेष आर्थिक क्षेत्रात) जायचं असेल तर हाताच्या कौशल्याइतकीच कागदाची शिस्त लागते. तिथं जॉब बरोबर असून नोंद चुकली तरी जॉब अडकतो.

दोन वर्षांचा आयटीआय झालेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, आणि डिप्लोमानंतर डीसीईटी (कर्नाटकातली डिप्लोमावाल्यांची प्रवेश परीक्षा) देऊन इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. जायचं तर आयटीआयनंतर लगेच जा. तीन-चार वर्षं पगार घेतल्यावर गणिताचं पुस्तक परत उघडत नाही. सेटरच व्हायचं पक्कं असेल तर डिप्लोमापेक्षा जीटीटीसीसारख्या (सरकारी टूल रूम व प्रशिक्षण केंद्रासारख्या) ठिकाणचा सीएनसीचा छोटा कोर्स जास्त कामाला येतो.

कागद

कंपनी बदलताना यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) बदलत नाही, तोच पुढच्या कंपनीला द्या. जुन्या कंपनीनं सोडल्याची तारीख टाकली नसेल तर शेवटची भरणा झाल्यापासून दोन महिन्यांनी ती स्वतः टाकता येते. पीएफ काढून मोटारसायकल घेऊ नका, ट्रान्सफर करा. पेन्शनला दहा वर्षांची नोकरी मोजली जाते.

आपल्या भागात खरी डोकेदुखी नावाची. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, कुठं वडिलांचं नाव तर कुठं नुसतं आद्याक्षर, आणि मराठी नाव कन्नडमधून इंग्रजीत गेलं की स्पेलिंग तिसरंच. पीएफचा क्लेम याच कारणानं परत येतो. पहिल्या नोकरीला लागायच्या आधीच आधार दहावीच्या मार्कशीटप्रमाणं करून घ्या. नोकरीच्या पंधराव्या वर्षी हे करायला बसलं तर बंद पडलेल्या कंपनीची सही कुठून आणणार?

ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम) कायम कामगाराला पाच वर्षांनी. शेवटचा मूळ पगार व डीए (महागाई भत्ता) गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं. १६,००० आणि आठ वर्षं म्हणजे ७३,८४६ रुपये. साडेचार वर्षांवर पाचशे रुपयांसाठी कंपनी सोडणाऱ्यानं हा हिशोब आधी मांडावा.

स्वतःचं मशिन

दहा-बारा वर्षांनी बऱ्याच सेटरांच्या डोक्यात जॉबवर्क येतं. मशिन चालवता येतं म्हणून धंदा येतो असं नाही, तासाचा दर काढता आला पाहिजे. उदाहरणापुरते आकडे धरू: महिन्याचा हप्ता ४५,०००, दोन शिफ्टचे ऑपरेटर ४०,०००, वीज १५,०००, टिप-कूलंट-दुरुस्ती १५,०००, भाडं १०,०००. एकूण १,२५,०००. पंचवीस दिवस, सोळा तास, त्यातले ७० टक्केच मशिन खरं चालतं, म्हणजे २८० तास. तासाला ४४६ रुपये पडले. सायकल चार मिनिटं आणि लावा-काढायला एक मिनिट, तर तासाला बारा नग, नगाला ३७ रुपये. पार्टी ३२ देत असेल तर प्रत्येक नगाला पाच रुपये घरातले जातात. ७० च्या जागी १०० टक्के धरून दर देणारे पहिल्या वर्षातच अडकतात.

कास्टिंग पार्टीचं असतं, म्हणून कट घेतल्यावर आत ब्लोहोल निघालं तर ते कास्टिंग रिजेक्शन, आणि साइज चुकला तर मशिनिंग रिजेक्शन. दोन्हीचा हिशोब वेगळा धरायचा हे पहिल्या ऑर्डरलाच लिहून घ्या, नाहीतर फौंड्रीच्या चुकीचा डेबिट तुमच्या बिलातून कापला जातो. उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंद) करून घ्या. लेखी करार असला तरी सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यायचे असं २००६ चा कायदा सांगतो, आणि नोंदणी नसेल तर त्या कायद्याचा आधार घेता येत नाही.

जुनं मशिन घेताना रंग बघू नका. टरेटला डायल लावा, एक्स ०.१ पुढं आणि ०.१ मागं करा, काटा किती कमी परततो ते वाचा, तेवढी स्क्रूची ढिलाई. मग झेडला (जॉबच्या लांबीच्या दिशेला) तेच. पूर्ण लांबीवर तीन ठिकाणी करा, कारण स्क्रू झिजतो तो रोज जिथं काम चालतं त्या चकजवळच्या वीतभर भागात.