दर्याची दरी होऊ नये म्हणून

पुस्तकाचा मजकूर संपादनाला घ्यायचा तो पूर्ण झाल्यावरच. हे सांगावं लागतंय, कारण मागच्या वेळी शेवटची दोन प्रकरणं लिहायची ठेवून मी पहिली आठ तपासायला घेतली होती. चाकरमानी गणपतीला गावात येतात, तेव्हा पुस्तक त्यांच्या हातात द्यायचं ही हौस. म्हणून आधी तारखेचं बघा: गणपती, शिमगा, जत्रा, यातली कुठलीच तारीख कुणाला कबूल करू नका. पुढे सांगते तो सगळा घोळ त्या घाईतून झाला. दुसरं म्हणजे मालवणच्या बाजूला जुलैत प्रूफाचा, म्हणजे तपासायला आलेल्या छापील पानांचा, कागद सादळलेल्या पापडासारखा होतो, बॉलपेन उमटत नाही आणि शाई फुटते. मऊ पेन्सिल घ्या. फाइलच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवा. लाइट जाते, त्यावर काय सांगायचं.

मग शब्दांची वही. साधी शाळेची चालेल. इसवण लिहायचं की सुरमई, मच्छीमार की मच्छिमार, वर्षं आकड्यात की अक्षरात, जे एकदा ठरवलं ते तिथे लिहून टाकायचं. तिसऱ्या आठवड्यात आपणच काय ठरवलं होतं ते आपल्याला आठवत नाही. शुद्धलेखनाचे नियम हाताशी असू द्या. साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ साली सरकारने मान्य केले, १९७२ साली चार वाढले, एकूण १८. तेवढे वाचायला एक दुपार पुरते. पण त्याच नियमांत पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहायला मुभा आहे, हे संपादकाला आधीच सांगून ठेवा. नाहीतर म्हाताऱ्याच्या तोंडचं ‘खंय गेल्लंस?’ बिचारं ‘कुठे गेला होतास?’ होऊन परत येतं.

सनावळ्या तपासा. माणसं खोटं बोलत नाहीत, आठवणी सरकतात. माझ्या पुस्तकात एक वऱ्हाड १९८४ साली मुंबईहून येऊन कुडाळ स्टेशनावर उतरलं होतं. कोकण रेल्वे अख्खी सुरू झाली १९९८ च्या जानेवारीत. वऱ्हाड उतरलं होतं एसटी स्टँडवर. उलटही होतं: कुणी मालवणला ‘रत्नागिरी जिल्हा’ म्हटलं तर लगेच दुरुस्त करायला धावू नका, आधी साल बघा. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला १ मे १९८१ ला.

आता ‘सगळीकडे बदला’ या बटणाविषयी. नका दाबू. मला ‘बोट’ नको, ‘होडी’ हवी होती, म्हणून दाबलं. पुढच्या प्रकरणात आजीने आश्चर्याने तोंडात होडी घातलं. ही चूक मला दिसली, हसले आणि दुरुस्त केली, आणि वाटलं, चला, शहाणी झाले.

मी युनिकोडमध्ये टाइप केलं होतं. जुळणी करणाऱ्याकडे, म्हणजे छपाईसाठी पानं लावणाऱ्याकडे, जुना, युनिकोड नसलेला फॉन्ट. मजकूर एकातून दुसऱ्यात नेताना ‘ऱ्य’ मोडला. युनिकोडात ऱ हे वेगळं अक्षर आहे. त्याचा पाय मोडून य जोडला तर ऱ्य होतो, साध्या र चा मोडला तर य वर रफार चढतो. रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरने ऱ आणि र एकच धरले. ‘किनाऱ्यावर’ सगळीकडे ‘किनार्यावर’. प्रूफात मी खुणा केल्या, पानापानावर केल्या. शेवटचं प्रूफ तपासून दिलं आणि घरी येऊन झोपले. जुळणी करणाऱ्याने खुणा पाहिल्या आणि एकेक कुठे बसवत राहायचं म्हणून तेच बटण दाबलं. सगळे र्य झाले ऱ्य. किनारा सुधारला. सूर्याचा ‘सूऱ्य’ झाला, कार्याचं ‘काऱ्य’. आणि पुस्तकाचं पहिलंच वाक्य, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देतात ते, छापून आलं ‘दऱ्याला नारळ’. मामांचा फोन आला, ‘गो बाय, आपल्या गावात दरी खंय आसा?’

त्या माणसाला मी दोष देत नाही. ती फाइल मी पुन्हा मागितलीच नाही. म्हणून सांगते: शेवटच्या दुरुस्तीनंतरची फाइल मागवा आणि वाचा. शेवटच्या प्रूफानंतरची नव्हे, शेवटच्या दुरुस्तीनंतरची. प्रूफ तपासून दिलं म्हणजे झालं असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. दुरुस्ती एका अक्षराची असली तरी फाइल नवी झाली, आणि नवी फाइल कुणीच वाचलेली नसते. कागदावर काढा, एकाने मूळ संहिता मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने छापील पानावर बोट ठेवून बघायचं. डोळ्यांनी नुसतं वाचलं तर आपण लिहिलेलं आपल्याला बरोबरच दिसतं. सबंध वाचायला वेळच नसेल (असतो, पण समजा नसेल), तर निदान सूर्य, कार्य, धैर्य, पर्याय, दर्या हे एका बाजूला आणि किनाऱ्यावर, वाऱ्याने, दुसऱ्या, तऱ्हा, वऱ्हाड दुसऱ्या बाजूला, एवढे तरी शोधून काढा. शेवटच्या फाइलमध्ये. आदल्या नव्हे.

बाकीचं पटकन. अनुक्रमणिकेतले पानांचे आकडे मांडणी संपल्यावरच भरा. पानं १६ च्या पटीत आली तर बरं, फर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापायच्या पानांचा गठ्ठा, तसा असतो. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, भारतात फुकट मिळतो, पण अर्ज वेळेत करा. मलपृष्ठ आणि पुस्तकाचा कणा दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्या. छापून झालं की ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला प्रत पाठवायची असते, कायदा १९५४ चा आहे. इतर ग्रंथालयांनाही जाते, ते प्रकाशकाला विचारा.

आणि फाइल गेल्यावर छापखान्यातून फोन येईल, ‘मॅडम, एक ओळ खाली जातेय, वर घेऊ?’ घ्या म्हणा. नवी फाइल पाठवायला सांगा, आणि सगळी वाचून होईपर्यंत मशीन सुरू करू नका म्हणा.