बाळाचं वरचं खाणं: डाळीच्या पाण्यापासून सुरू होणाऱ्या या चुका टाळा

उष्टावण झालं, मामाने चांदीच्या वाटीतली खीर बाळाच्या ओठाला लावली, फोटो निघाले. खरा प्रश्न दुसऱ्या दिवशी सकाळी येतो: आता याला द्यायचं काय? आजी म्हणते डाळीचं पाणी दे, आईने मोबाईलवर गाजराची प्युरी बघून ठेवलेली असते, शेजारीण डब्यातल्या पावडरीचं नाव सुचवते. दोनेक महिन्यांनी वजन जागच्या जागी, आणि सगळ्यांचं एकमत होतं की ‘हा काही खातच नाही’. बाळाला भूक असते. बहुतेक घरांत गडबड वाटीतल्या पदार्थात असते.

सुरुवात लवकर करणं, आणि उशिरा करणं

१८० दिवस पूर्ण होईपर्यंत फक्त आईचं दूध, त्यानंतर वरचं खाणं आणि सोबत निदान दोन वर्षं अंगावरचं दूध, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञही तेच सांगतात. सहा महिन्यांच्या आत पाणीसुद्धा नको, मग उन्हाळा नागपूरचा असला तरी. आईच्या दुधात पुरेसं पाणी असतं. सहाणेवर उगाळलेली बाळगुटी आणि तिच्यासोबतचं मधाचं बोट याच काळात पोटात जातं, आणि जुलाबाची सुरुवात पुष्कळदा तिथूनच होते. डॉक्टरांनी दिलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब मात्र चालू ठेवायचे.

‘बाळ आमच्या ताटाकडे बघतं’ म्हणून चौथ्या महिन्यात भात भरवणं चूक आहे. त्या वयाचं बाळ पंख्याकडेही तसंच बघतं. तयारी ओळखायची ती वेगळ्या खुणांनी. मान पक्की धरलेली असते, टेकून बसवलं तर बसतं, आणि चमचा तोंडात गेला की जिभेने बाहेर ढकलत नाही. दातांची वाट बघायची गरज नाही, मऊ अन्न हिरड्यांनी छान चिरडता येतं. उलट ‘दात येऊ देत’ म्हणत आठवा-नववा महिना गाठणारी घरं बरीच आहेत, आणि हा उशीर जास्त महाग पडतो. बाळ दिवसांआधी जन्मलेलं असेल तर सुरुवातीचा दिवस डॉक्टरांना विचारून ठरवा.

पातळ, गाळलेलं, पाणीदार

माझ्या मते ही सगळ्यात मोठी चूक, आणि सगळ्यात प्रेमाने केली जाणारी. वरणाचं वरचं पाणी, भाताची निवळ, भाज्यांचं गाळलेलं सूप. पचायला हलकं म्हणून देतात. हलकं असतंच, कारण त्यात फारसं काही नसतं. डाळ कुकरच्या भांड्यात खाली राहते, ती घरातले मोठे खातात, आणि बाळाच्या वाटीत येतं ते पिवळं पाणी.

हिशोब सोपा आहे. सहा-सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम २०० मिलिलिटर मावतं. ६ ते ८ महिन्यांत त्याला दुधाशिवाय वरच्या खाण्यातून दिवसाला साधारण २०० कॅलरी हव्या असतात, ९ ते ११ महिन्यांत ३००, आणि वर्षानंतर ५५० च्या आसपास. आईच्या १०० मिलिलिटर दुधात ६५-७० कॅलरी असतात. डाळीचं पाणी त्याच्या जवळपासही जात नाही. म्हणजे आपण दुधाची जागा दुधाहून निकस गोष्टीला देतो. पोट फुगतं, बाळ तोंड फिरवतं, आणि दोष त्याच्या भुकेवर येतो.

घट्टपणा तपासायला चमचा पुरतो. भरलेला चमचा तिरका करा. खाणं धारेने ओघळलं तर पातळ आहे. चमच्यावर बसून राहिलं आणि हलकेच घसरलं तर बरोबर. मऊ भात आणि वरण देत असाल तर डाळ घोटूनच घ्या, निवळ नको. वर अर्धा-एक चमचा साजूक तूप किंवा तेल घाला. एका छोट्या चमच्यात जवळपास ४५ कॅलरी येतात आणि वाटीचा आकार वाढत नाही. ‘एवढ्याशा जिवाला तूप कशाला’ म्हणणाऱ्यांना हा आकडा सांगा.

आपल्याकडचं जुनं खिमट या कसोटीवर उत्तम उतरतं. दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मुगाची डाळ, धुऊन सावलीत वाळवायची, मंद आचेवर खमंग भाजायची, मिक्सरवर रवाळ काढून डब्यात भरायची. रोज दोन-तीन चमचे घेऊन पाण्यात शिजवायचं, चिमूटभर हळद, वरून तूप. दहा मिनिटांचं काम आहे. नोकरी करणाऱ्या आईला बाजारातल्या डब्याइतकंच सोयीचं, आणि आत काय आहे ते आपल्याला ठाऊक असतं. पुढे त्यातच लाल भोपळा, गाजर, पालक, दुधी शिजवून कुस्करता येतो.

किती द्यायचं? पहिल्या आठवड्यात दिवसातून दोनदा, दोन-तीन चमचे. आठव्या महिन्यापर्यंत २५० मिलिलिटरची वाटी अर्धी, दोन-तीन वेळा. नवव्यापासून तीन-चार वेळा, शिवाय मधे केळं किंवा दही. वर्षानंतर पाऊण ते पूर्ण वाटी. हे अंदाज आहेत. एखाद्या दिवशी बाळ निम्मं खाईल आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट.

नाचणीच्या सत्त्वाबद्दल थोडं कडू बोलणं

नाचणी उत्तम धान्य आहे. १०० ग्रॅममध्ये ३४० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅल्शियम, गहू-तांदळाच्या कितीतरी पुढे. पण घरोघरी ‘सत्त्व’ बनवताना नाचणी भिजवून वाटतात, फडक्यातून दूध पिळून घेतात, खाली बसलेला साका वाळवतात आणि चोथा टाकून देतात. कॅल्शियम आणि लोह यांचा मोठा वाटा सालाशी असतो, म्हणजे तो चोथ्याबरोबर जातो. हाती राहतं ते मुख्यतः पिठूळ स्टार्च. पोट भरेल, पण ज्या कारणासाठी नाचणी निवडली ते कारणच चोथ्यात गेलं.

त्यापेक्षा नाचणीला मोड आणा, वाळवा, हलकं भाजा, दळा आणि बारीक चाळणीने चाळून घ्या. मोड आलेल्या पिठाचा आणखी एक फायदा आहे. मोड येताना तयार होणारा विकर (एन्झाइम) स्टार्चला थोडं तोडतो, त्यामुळे खीर शिजवताना फार दाट होत नाही. तेवढ्याच पाण्यात जास्त पीठ घालता येतं. म्हणजे खीर सरसरीत राहूनही भरगच्च होते.

आणि तीन वेळा नाचणीच नको. नाचणी असो वा गव्हाचं सत्त्व, एकाच धान्यावर बाळ वाढत नाही.

दूध पुरतंय म्हणून लोहाकडे दुर्लक्ष

जन्मताना बाळ आईकडून लोहाचा साठा घेऊन येतं. तो सहाव्या महिन्याच्या सुमारास संपत येतो, आणि आईच्या दुधात लोह फार थोडं असतं. वरचं खाणं याच वेळी सुरू करायचं हे एक ठोस कारण आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९–२१) महाराष्ट्रात ६ ते ५९ महिन्यांची सुमारे ६९ टक्के मुलं रक्तक्षय असलेली निघाली. ही फक्त गरीब घरांची गोष्ट नाही. फ्लॅटमध्ये राहणारं, दिवसाला लिटरभर गाईचं दूध पिणारं गुटगुटीत बाळसुद्धा या आकड्यात असू शकतं. गाईच्या दुधात लोह नगण्य असतं, आणि ते पोटभर प्यायलेलं बाळ जेवत नाही. म्हणून पहिल्या वर्षात गाई-म्हशीचं दूध मुख्य पेय नको. खिरीत घातलं तर चालतं, दहीही चालतं. वर्षानंतर दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत ठेवा.

अंडं, मासे, चिकनचा खिमा, कलेजी यांतलं लोह अंगी चांगलं लागतं. घरात चालत असेल तर सहाव्या महिन्यानंतर थांबायचं कारण नाही. कोकणात आणि गोव्यात पेजेबरोबर काटे काढलेला उकडलेला मासा कुस्करून देतात, ते अगदी योग्य आहे. शाकाहारी घरात डाळी, मटकी-मसूर, पालेभाज्या द्या आणि वर लिंबाचे चार थेंब पिळा. क जीवनसत्त्वाने वनस्पतीतलं लोह जास्त शोषलं जातं. अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे लोहाचं सरकारी औषध मिळतं, सहा महिन्यांनंतर आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर. शी काळी होते म्हणून ते कपाटात ठेवून देऊ नका. काळी शी हा लोहाचा नेहमीचा परिणाम आहे.

मीठ, साखर, मध, चहा-बिस्किट

यावर फार बोलण्यासारखं नाही: वर्षाच्या आत मीठ आणि साखर नको, गूळही साखरच. ‘अळणी कसं खाईल’ हा आपल्या जिभेचा प्रश्न आहे, बाळाला खारट म्हणजे काय तेच माहीत नसतं. सगळ्यांच्या भाजीत मीठ-तिखट पडण्याआधी त्याचा वाटा बाजूला काढा. मध वर्षभर अजिबात नको, चाटवायलासुद्धा. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंनी तान्ह्या बाळाला बॉट्युलिझम हा स्नायू लुळे करणारा आजार होऊ शकतो, आणि उकळून ते बीजाणू मरत नाहीत. चहात बुडवलेलं बिस्किट म्हणजे साखर, मैदा आणि लोह अडवणारं टॅनिन एकाच घासात. पाणी वाटी-चमच्याने द्या. बाटलीची निपल नीट धुतली जात नाही.

सगळं मिक्सरमधून काढणं

पहिले काही आठवडे गुळगुळीत ठीक. पण आठव्या महिन्यात बोटाने कुस्करलेलं, नवव्यात बारीक गुठळ्या आणि हातात धरायला उकडलेल्या गाजराचा मऊ तुकडा किंवा बटाट्याची फोड, आणि वर्षाच्या आसपास घरचं सगळं जेवण, फक्त कमी तिखट. दहाव्या महिन्यापर्यंत गुठळ्या जिभेवर गेल्याच नाहीत, तर पुढे चावायचा कंटाळा करणारी मुलं तयार होतात. तीन वर्षांचं मूल पोळी कुस्करून दुधातच मागतं, त्याची मुळं पुष्कळदा इथे असतात.

आई-बाबा मिक्सर सोडत नाहीत तो भीतीने. बाळाला उमासा आला, चेहरा लाल झाला, खोकलं, तर ते स्वतःच घास पुढे ढकलतंय. आवाज येतोय तोवर शांतपणे बघा. घास अडकला असेल तर आवाज बंद होतो, रडता येत नाही, ओठ निळसर पडतात. तेव्हा बाळाला हातावर पालथं, डोकं खाली करून धरा, खांद्यांच्या मधे तळहाताने पाच थापा द्या. घास निघाला नाही तर उताणं करून छातीच्या मधोमध पाच वेळा दाबा, पुन्हा थापा. दुसऱ्याला १०८ वर फोन करायला सांगा. दिसत नसलेल्या घासासाठी तोंडात बोट घालू नका, तो आणखी आत जातो. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षं, मक्याचे दाणे, कच्च्या गाजराचे तुकडे घरातल्या पाच वर्षांच्या आतल्या कुणाच्याच हाती नकोत. बाळाला बसवूनच भरवा, आडवं घेऊन कधीच नाही.

अंडं आणि शेंगदाणा वर्षानंतरच?

आधी तसं सांगत, आता सांगत नाहीत. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासात, ज्या जोखमीच्या बाळांना पहिल्याच वर्षात शेंगदाण्याचे पदार्थ सुरू केले, त्यांच्यात पाचव्या वर्षी शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी दिसली. आपल्या घरात दाण्याचं कूट असतंच. ते अगदी बारीक करून खिमटात पाव चमचा मिसळा. अंडं पूर्ण उकडून, पिवळं-पांढरं दोन्ही. असे पदार्थ एका वेळी एकच, सकाळी द्या, म्हणजे अंगावर गांधी उठल्या तर दवाखाना उघडा असतो. बाळाला तीव्र इसब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. दुधी, बटाटा, भोपळा अशा साध्या भाज्यांसाठी मात्र प्रत्येक नव्या चवीनंतर तीन-तीन दिवस थांबत बसू नका. त्या वेगाने महिन्यात दहाच चवी होतात.

‘एक घास चिऊचा’ संपला की मोबाईल

कार्टून लावलं की तोंड आपोआप उघडतं हे खरं. पण पोट भरल्याचं बाळाला कळत नाही, आणि फोन बंद झाला की तोंडही बंद. नाक दाबून, हात धरून भरवणं त्याहून वाईट. बाळाने चमच्यापासून मान फिरवली म्हणजे ते ‘पुरे’ म्हणतंय. नवी चव नाकारली तर दोन-तीन दिवसांनी पुन्हा, आणि परत. आठ-दहा वेळा समोर आल्यावर पालक खाणारी बाळं पुष्कळ आहेत. जेवण अर्ध्या तासाच्या वर नेऊ नका, आणि मधेमधे दुधाचा घोट देत भूक मारू नका.

अडलं तर

शी कडक झाली? सुरुवातीला होते. पाणी थोडं वाढवा, पपई, नाशपती, भिजवलेल्या मनुकांचा गर द्या, तूप आहेच. केळं आणि शिजवलेलं सफरचंद काही दिवस कमी करा. शीत गाजराचे तुकडे दिसले किंवा बिटाने ती लाल झाली तर घाबरू नका.

जुलाब लागले की खाणं बंद करायची आपली जुनी सवय आहे. बंद करू नका. अंगावरचं दूध, ओआरएस, डॉक्टरांच्या सल्ल्याने १४ दिवस झिंक, आणि खिमट किंवा दहीभात थोडा थोडा, जास्त वेळा. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्या.

वजन सहा महिन्यांनंतर आधीच्या वेगाने वाढत नाही, ते ठीकच आहे. अंगणवाडीच्या किंवा दवाखान्याच्या कार्डावरची रेघ बघा, शेजारच्या बाळाकडे नको. रेघ दोन महिने आडवी राहिली, किंवा सात महिने उलटूनही बाळ कोणताच घास गिळत नाही, तर डॉक्टरांकडे जा. शीमधून रक्त, दिवसभरात लघवी अगदी कमी किंवा खाल्ल्यावर ओठ सुजून श्वास लागणं, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी. श्वास लागला असेल तर तपासणीची वेळ होईपर्यंत थांबू नका, सरळ जवळचं रुग्णालय गाठा.