ओबासांजोंवर चाळीस मिनिटांचं व्याख्यान कसं बांधावं

नाशिकच्या श्रोत्यांना नायजेरियाचे माजी राष्ट्राध्यक्ष ओलुसेगुन ओबासांजो सांगायचे असतील तर सुरुवात नायजेरियापासून नको, पुण्यापासून करा. 1965 साली हा तरुण नायजेरियन अधिकारी भारतात शिकायला आला होता. तमिळनाडूतल्या वेलिंग्टनचं लष्करी स्टाफ कॉलेज आणि पुण्यातलं लष्करी अभियांत्रिकीचं शिक्षण, ही दोन नावं ऐकली की देवळालीच्या तोफखान्यातून निवृत्त झालेला श्रोताही सरसावून बसतो.

चाळीस मिनिटांना चार हजार शब्द पुरतात. वर्दीला बारा मिनिटं, सत्तेला पंधरा, शेतीला दहा, उरलेली तीन पुण्याच्या सुरुवातीला. जन्मतारीख 5 मार्च 1937 अशी छापली जाते, पण ती नोंदीतली नाही, अंदाजाची आहे. तसं स्पष्ट सांगा.

वर्दीच्या भागात 1969 वर थांबा. नायजेरियातून फुटून निघालेल्या बियाफ्राशी सरकारचं युद्ध जुलै 1967 पासून चालू होतं. त्या वर्षी बेंजामिन अडेकुनले यांच्याकडची नायजेरियन सैन्याची थर्ड मरीन कमांडो डिव्हिजन ओबासांजोंकडे आली. हे मूळचे इंजिनिअर, पायदळाचे नव्हेत. जानेवारी 1970मध्ये बियाफ्राच्या बाजूने फिलिप एफियाँग शरण आले ते त्यांच्याचकडे. इथे विजयाचा सूर लावू नका. त्या युद्धात उपासमारीने असंख्य मुलं गेली, आणि त्यांचा उल्लेख न करता पुढे जाणं बरोबर नाही.

सत्तेच्या भागात सगळ्यात जास्त घोळ होतो. ‘ओबासांजोंनी उठाव करून सत्ता घेतली’ असं सर्रास म्हटलं जातं, ते चूक आहे. 13 फेब्रुवारी 1976 ला लष्करी सरकारचे प्रमुख मुर्तला मुहम्मद यांची उठावात हत्या झाली. उठाव फसला आणि त्यांच्या खालोखाल असलेले ओबासांजो प्रमुख झाले. 1 ऑक्टोबर 1979 ला त्यांनी निवडून आलेल्या शेहू शगारींकडे सूत्रं दिली. फळ्यावर दोन रकाने पाडा: एका बाजूला 1976 ते 1979, लष्करी, दुसऱ्या बाजूला 1999 ते 2007, निवडून आलेले. मध्ये 1995 ते 1998 तुरुंग, लष्करशहा सानी अबाचांच्या राजवटीत. हा फळा शेवटपर्यंत पुसू नका.

आकडे सांगताना बिलियनचा लाख-कोटीत हिशेब आधीच करून ठेवा. 2005 मध्ये पॅरिस क्लबने, म्हणजे कर्ज देणाऱ्या देशांच्या गटाने, नायजेरियाचं सुमारे 18 अब्ज, म्हणजे 1,800 कोटी डॉलरचं कर्ज माफ केलं. ऐनवेळी गुणाकार करायला गेलात की शून्य हटकून चुकतं. 1999 मधली नायजर डेल्टातल्या ओडी गावावरची लष्करी कारवाई, जिच्यात सामान्य माणसं मारली गेली, आणि 2006 मध्ये सिनेटने फेटाळलेली तिसऱ्या कारकिर्दीची वाट, हेही 1999 ते 2007 च्या रकान्यात आलं पाहिजे. नाहीतर ते व्याख्यान गौरवपर होऊन बसतं.

शेतीचा भाग मात्र रंगवा. 1976 ला सरकारने ‘ऑपरेशन फीड द नेशन’ काढलं, 1978 मध्ये जमिनीचा ताबा राज्यांच्या गव्हर्नरांकडे देणारा वटहुकूम आला आणि 1979 ला खुर्ची सोडल्यावर ओबासांजो लागोसजवळच्या ओटा इथे पोल्ट्री आणि शेतीत उतरले. या तीन तारखा एकाखाली एक लिहा. टीकाकारांचा आक्षेप तिथेच आहे: ज्याने जमिनीचा कायदा केला तोच जमीनदार झाला. बाजू ओबासांजोंचीही मांडा, आणि निकाल श्रोत्यांवर सोपवा. निफाड-सिन्नरचा पोल्ट्रीवाला समोर असेल तर प्रश्न इथेच येतील. म्हणून हा भाग घाईत उरकू नका. वेळ कमी पडला तर वर्दीतली चार मिनिटं कापा.